वशाच्या मापाचा रणगाडा

सावे मास्तरांच्या फूटपट्टीला पहिला इंच नव्हता. तो कधी तुटला, कसा तुटला याच्या आमच्या शाळेत दोन-तीन कथा होत्या आणि मास्तर त्यातल्या एकीलाही होकार देत नसत की नकार देत नसत. एकच्या खुणेपासून मोजायचं आणि मनातल्या मनात एक वजा करायचा, अशी त्यांची रीत. कोणी म्हटलं, "मास्तर, आता नवी घ्या की," तर पट्टी कोटाच्या खिशात सरकवत म्हणायचे, "कशाला? अकरा इंच हायत ना अजून."

मी त्यांच्याबद्दल हे असं हसतखेळत लिहायला लागलेय, याचं माझं मलाच नवल वाटतंय. कारण या माणसाचा मला राग आहे. इतकी वर्षं झाली, आता तो निवला असेल असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालेलं नाही. अजून त्यांची आठवण झाली की मी उठते आणि घासलेली भांडी पुन्हा घासते. पण ज्याचा एवढा राग येतो त्या माणसाची पट्टीसुद्धा आपल्या लक्षात राहते, त्याला काय करणार?

तेव्हा मी बोईसरच्या एका शाळेत नुकतीच लागले होते. बोईसर म्हणजे स्टेशन, गवताच्या वखारी आणि थोडी दुकानं. तारापूरला वीजघराचं काम निघालं होतं, त्यामुळे रस्त्यावर जिपा दिसायला लागल्या होत्या, चहाच्या टपरीवर हिंदी ऐकू यायला लागली होती, आणि गावातला प्रत्येक बाप आपल्या मुलाला तिथे कुठे चिकटवता येईल का या विचारात होता. सावे मास्तर आमच्या शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवायचे. तारापूरकडे त्यांची चिकूची वाडी होती. तिथून ते सायकलवरून यायचे. उंच, खांद्यात वाकलेले, नखांत कायम कुठला तरी रंग. कोटाच्या खिशात रिकाम्या काडेपेट्या, दोऱ्याची रिळं, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, मोडक्या छत्रीच्या काड्या. टाकून द्यायची वस्तू दिसली की मास्तरांचा हात आपोआप पुढे व्हायचा. शिपाई कचऱ्याची टोपली आधी त्यांच्यासमोर धरायचा आणि मग बाहेर नेऊन ओतायचा.

वर्गात ते पुस्तकासारखं बोलत. "आहे", "नाही", "आपण असे करूया." पण हस्तकलेच्या खोलीत पाऊल टाकलं की कोट खुंटीला आणि पुस्तकी बोलणंही खुंटीला. मग हाय, नाय, आमी, तुमी. त्या खोलीत ते कोणाला शाबास म्हणाले असं मी ऐकलं नाही. काम पसंत पडलं की "हं" एवढंच म्हणत आणि खिशातला चिकू टेबलावरून पुढे सरकवत. तो चिकू मिळावा म्हणून पोरं जीव टाकायची. खरं सांगायचं तर पुढे मीही टाकला.

त्यांचा एक नियम होता. खोलीत तयार झालेल्या प्रत्येक वस्तूच्या खाली ती करणाऱ्याचं नाव लिहायचं. वर नाही, खाली, जिथे सहज दिसणार नाही तिथे. एका दिवाळीत एका मुलाने फारच देखणा आकाशकंदील आणला. बाकीच्या मास्तरांनी वाहवा केली. सावे मास्तरांनी कंदील फिरवून पाहिला, खालच्या झिरमिळ्या बाजूला केल्या आणि विचारलं, "कुणी केला रे?" पोरगा खाली बघायला लागला. काकाने केला होता. आता हे रागावणार असं आम्हा सगळ्यांना वाटलं. मास्तरांनी त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, "काकाचं नाव काय? लिही मग इथं. ज्याचा हात, त्याचं नाव. त्यात लाजायचं काय?" आणि तो कंदील काकाच्या नावानिशी त्यांनी शाळेच्या दारात लावला. त्या दिवशी मला हा माणूस फार मोठा वाटला होता.

माझा धाकटा भाऊ वसंत, घरातला वशा, फौजेत मेकॅनिक होता. टँक दुरुस्त करायचा. पासष्टच्या लढाईत तो गेला. आधी तार आली, मग काही आठवड्यांनी त्याचा एक सोबती ट्रंक घेऊन आला. ट्रंकेत कपडे होते आणि एक फोटो होता. टँकच्या कडेला अगदी खेटून वशा उभा, बाह्या वर सारलेल्या, तोंडभर हसू. टँकच्या अंगाला एक बादली टांगलेली. सोबती म्हणाला, हा वशाने स्वतः दुरुस्त केलेला टँक, तासन्‌तास याच्या पोटात शिरून बसायचा.

आईने ते वाक्य धरलं. पोटात शिरून बसायचा. तिने आयुष्यात बैलगाडी, होडी आणि आगगाडी एवढीच वाहनं पाहिली होती. फोटो ती डोळ्यांजवळ न्यायची, लांब धरायची. "हे नुसतं काळं काळं दिसतं गं. यात माणूस मावतो कुठे?" आणि थोड्या वेळाने, "आत वारा येतो का गं?" हे ती रोज विचारायची. जेवताना विचारायची, दिवा लावताना विचारायची. येतो म्हटलं तर तिचा विश्वास बसायचा नाही, आणि माहीत नाही म्हटलं तर तिच्याकडे बघवायचं नाही.

म्हणून मी तो फोटो सावे मास्तरांकडे नेला. म्हटलं, "मास्तर, मला हा करून द्या. छोटासा. आईला हातात घेऊन बघता येईल असा."

मास्तरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मी नाय करणार. तुमी करा. मी बाजूला बसतो."

"मला साधा पतंग चिकटवता येत नाही."

"मला तरी रणगाडा कुठं येतो? काडेपेटी कापता येते ना? तिथनं सुरू करू." मग फोटोवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "उंची किती होती याची?"

उंची आमच्या दाराच्या चौकटीवर होती. दर दसऱ्याला बाबा वशाला तिथे उभं करून पेन्सिलीने रेघ मारायचे. बाबा गेल्यावर हे काम आईने केलं. फौजेत जाण्याआधीची रेघ सगळ्यात वर. मास्तर एका संध्याकाळी घरी आले, चौकटीसमोर उभे राहिले आणि आधी डोक्यावरची टोपी काढली. मग ती पहिला इंच नसलेली पट्टी लावत लावत जमिनीपासून वर गेले. पाच फूट सात इंच. आई पदर तोंडाशी धरून बघत होती. त्यांचं मोजून झाल्यावर तिने विचारलं, "मास्तर, आत वारा येतो का?"

"येतो," मास्तर म्हणाले. "वर झाकण असतं, ते उघडतं. बसायला जागा पण असते. तुमाला करून दाखवतो ना आमी. हातात आणून देतो."

त्या रात्री आई नीट जेवली. वर्षश्राद्धाच्या आत टँक घरी यायचा असं आम्ही ठरवलं. देवाशेजारचा एक कोनाडा आईने दुसऱ्याच दिवशी रिकामा केला, सारवला आणि तसाच मोकळा ठेवला.

दुसऱ्या दिवशी हस्तकलेच्या खोलीत मास्तर म्हणाले, "बाई, अंगठा ठेवा पट्टीवर." मी ठेवला. माझा अंगठा बुडापासून जवळजवळ दोन इंच भरला. "बस. हा तुमचा अंगठा म्हणजे वशा. आता सगळं वशाच्या मापात." फोटोत वशा टँकला खेटून उभा होता, म्हणून ते जमलं. वशापेक्षा टँक किती उंच, किती लांब, तोफेची नळी त्याच्या किती पट, असं करत करत मास्तरांनी अख्खा टँक माझ्या भावावरून मोजून काढला. लांबीला साडेचार वशा, रुंदीला अंदाजाने दोन वशा, नळी तीन वशा आणि वर थोडी. त्या खोलीत "वशा" हे माप झालं. "अर्धा वशा काप." "पाव वशा जास्त झाला, घास." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी कात्री खाली ठेवली. मग रोज ऐकून बरं वाटायला लागलं. वशाचं नाव घरात घेतलं की रडू यायचं, आणि इथे ते दिवसभर कामात होतं.

मला वाटलं होतं, आठवडाभरात टँक उभा राहील. मास्तरांनी मला किती दिवस नुसत्या पुठ्ठ्याच्या चकत्या कापायला लावल्या. मी चिडले की म्हणायचे, "घाई कुणाला हाय? आधी बघ, मग काप." हे त्यांचं वाक्य. मुलांना, मला, शिपायाला, सगळ्यांना एकेरीत. चकत्या गोल यायला लागल्यावर त्यांनी मोडक्या छत्रीचा लाकडी दांडा काढला आणि त्याच्या पातळ चकत्या करून चाकं केली. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिच्यावर काडेपेटीच्या काड्या आडव्या चिकटवल्या, तो चाकांवरून फिरणारा पट्टा. तोफेची नळी म्हणजे मुलांना कित्ता गिरवायला असतो तो बोरू. वरचा बुरूज पांगाऱ्याच्या लाकडाचा, तो मी स्वतः कोरला आणि कोरताना बोटही कोरलं. मास्तरांनी बोटावर फडकं बांधलं, म्हणाले, "आता तुमी शिकलात," आणि चिकू पुढे सरकवला. तो माझा पहिला चिकू.

फोटोत टँकची एकच बाजू दिसत होती. दुसऱ्या बाजूला काय असतं हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "कोणाला तरी विचारूया." मास्तरांना विचारणं आवडायचं नाही. "माणसाच्या डाव्या बाजूला कान असतो तसा उजव्या बाजूला असतोच ना? ही बाजू तशी ती बाजू." म्हणून डावीकडे जे होतं ते सगळं उजवीकडे केलं. बादलीसकट. मी म्हणत राहिले की बादली कोणीतरी पाणी भरायला टांगली असेल, ती काही टँकचा अवयव नाही. मास्तर हटले नाहीत. आमच्या टँकला दोन बादल्या झाल्या, पत्र्याच्या, कडीसकट, करंगळीच्या नखाएवढ्या. अशा बाबतीत त्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

टँक उभा राहिला पण हाताला लागायचा फुलासारखा. मास्तर म्हणाले, "असा नाय चालणार. आई हातात घेणार तर वजन लागलं पायजे." म्हणून एका रविवारी आम्ही जवळच्या समुद्रकाठच्या दांडी गावाला गेलो. ते सायकल ढकलत पुढे, मी मागे, लोक बघणार म्हणून दहा हात अंतर राखून. किनाऱ्यावर बोंबील वाळत होते आणि एक म्हातारी मांगेलीण, म्हणजे तिकडची कोळीण, जाळ्याला शिसं ओवत बसली होती. मास्तरांनी थोडं शिसं मागितलं. तिने विचारलं, "कशाला पायजे? तुमी कवापासून जालं टाकायला लागलात?"

"रणगाड्यात घालायचंय."

म्हातारीने आधी मास्तरांकडे, मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही दोघांनाही ऊन लागलंय. मग मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. माझा भाऊ, फोटो, आई, कोनाडा. इतकं नीट मलाही सांगता आलं नसतं. म्हातारीने ओवलेल्यातलं शिसं काढून माझ्या ओंजळीत घातलं. म्हणाली, "ने. मोप हाय आमच्याकडं. आयेला सांग, दांडीचं हाय." तिथून थोडा हिरवा रंगही मिळाला, होड्यांना लावतात तो. तो फार चकाकायचा, म्हणून मास्तरांनी त्यात चुलीची राख कालवली. येताना ते सायकल ढकलत गुणगुणत होते, आणि मी मनात म्हणत होते की बाबांनंतर असा माणूस आपल्या घराला मिळाला.

आत बसायची जागा करायची होती. पुढच्या बाजूला, जिथे चालक बसतो. वशा त्याच जागेवर बसून इंजिन चालवून बघायचा, असं त्याचा सोबती म्हणाला होता. पुठ्ठ्याची छोटी खुर्ची केली. तिच्यावरचं झाकण उघडझाप करणारं करायचं होतं, पण माझ्या हातून त्याची बिजागरी तुटायची. शेवटी मास्तर म्हणाले, "पहिलाच हाय तुमचा. चिकटवून टाका. बंद असला तरी आत काय हाय ते आपल्याला ठाऊक."

झाकण चिकटवण्याआधी मी एक गोष्ट केली. वशाच्या घरच्या निळ्या सदऱ्याचं सगळ्यात वरचं बटण माझ्याकडे होतं. दोन भोकांचं, तपकिरी, एका बाजूने चावलेलं. लहानपणापासून त्याला गळ्याजवळचं बटण चावायची खोड होती, फौजेत गेला तरी सुटली नव्हती. ते बटण मला त्या खुर्चीवर ठेवायचं होतं. मास्तरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "मापात बसत नाय." आणि बसतच नव्हतं. वशाच्या मापाने ते बटण म्हणजे गाडीचं चाक. म्हणून मास्तर खिडकीच्या काचेसमोर, माझ्याकडे पाठ करून, रॉकेलात ब्रश धूत होते तेव्हा मी खिशातून बटण काढलं, खुर्चीवर सरस लावून बसवलं आणि वरून झाकण चिकटवून टाकलं. मास्तर वळले. "झालं?" म्हणाले. "झालं," मी म्हटलं. मग त्यांच्या नियमाप्रमाणे मी टँक उलटा करून खाली नाव लिहिलं. शालिनी राऊत. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, वसंत.

ऑगस्ट सुरू झाला होता. पावसाळी हवेत रंग वाळेना. आई रोज विचारायची, "वाळला का?" मास्तर म्हणाले, झेंडावंदनाच्या दिवशी शाळेत वस्तूंचं प्रदर्शन आहे, तेवढा एक दिवस टेबलावर ठेवू, मुलं बघतील, संध्याकाळी मी स्वतः तुमच्या घरी घेऊन येतो. मी हो म्हटलं. मला तरी कुठे मिरवायचं नव्हतं?

झेंडावंदनाला पाहुणे आले ते वीजघराच्या बाजूला काम घेतलेल्या एका ठेकेदाराचे बडे साहेब. माणूस चांगला होता, त्याची काही चूक नाही. प्रदर्शनात फिरता फिरता तो आमच्या टँकशी थांबला. लढाई होऊन वर्षही झालं नव्हतं, सगळ्यांच्याच डोक्यात टँक होते. त्याने वाकून पाहिलं, एका बोटाने पट्टा फिरवून पाहिला आणि हिंदीत म्हणाला, "वा. ये किसने बनाया?"

मी मास्तरांच्या मागेच उभी होते. मला वाटलं, आता ते बाजूला होतील. तोवर त्यांना कोणाच्या कामासमोर स्वतः उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मास्तरांनी टँक उचलला. दोन्ही तळहात खाली सपाट लावून उचलला, प्रसादाचं ताट उचलावं तसा, म्हणजे खालचं नाव पूर्ण झाकलं गेलं. आणि पुस्तकी हिंदीत म्हणाले, "साहब, मैंने बनाया है. मेरी तरफ से आपको छोटी-सी भेंट." मग मान वळवून, "आणि हा माझा मुलगा अरविंद."

अरविंद तिथेच होता, इस्त्रीचा सदरा घालून. मॅट्रिक होऊन घरी बसलेला. म्हणजे हे सकाळीच ठरलं होतं. सदऱ्याला इस्त्री करताना ठरलं होतं.

मी म्हटलं, "मास्तर, तो तर..."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "बाई, जरा पाहुण्यांच्या चहाचं बघा."

आणि मी गेले. काय करणार होते? नोकरी नवीन, समोर पाहुणे, हेडमास्तर, सगळी शाळा. मी चहा गाळत होते तेव्हा जीप सुरू झाल्याचा आवाज आला. माझ्याशी आजवर आयुष्यात बरीच माणसं वाईट वागली आहेत, पण मला कोणी इतक्या सहज बाजूला सारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हस्तकलेच्या खोलीत गेले. मास्तर पट्टी पुसत बसले होते.

"मास्तर, तो माझा होता."

"हो."

"आईला तुम्ही शब्द दिला होता."

"हो."

"मग?"

"अरविंदचं लग्नाचं वय चाललंय, बाई. कुठं चिकटत नव्हता. साहेबांच्या नजरेत भरेल असं माझ्या हातात दुसरं काय होतं?"

"ते तुमच्या हातातलं नव्हतं. माझ्या हातातलं होतं."

मास्तरांनी पट्टी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "दुसरा करू. आता तुमाला येतो."

"माझा भाऊ दुसरा करता येईल का?"

त्यांनी खिशात हात घातला आणि चिकू काढून माझ्यापुढे सरकवला. मी त्या माणसाकडे बघतच राहिले. चिकू मी तिथेच ठेवला आणि त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकलं नाही.

अरविंदला ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली. आईला मी काय सांगणार? तिने विचारलं, "आणला नाहीस?" मी म्हटलं, "रंग वाळला नाही अजून." वर्षश्राद्ध झालं. कोनाडा मोकळाच होता. पावसाळा संपला तरी ती विचारायची, "वाळला का गं?" मग हळूहळू तिने विचारणं सोडलं. तिला काय समजलं आणि काय नाही, देव जाणे. दोन वर्षांनी ती गेली, आणि आत वारा येतो का हे तिला कोणी हातात देऊन दाखवलं नाही ते नाहीच.

एवढं सगळं होऊनही माझ्या मनात मास्तरांसाठी एक खिडकी उघडी होती. मी स्वतःला सांगायचे की त्यांना बटणाचं ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तो लाकूड, पुठ्ठा आणि शिशाचा टँक होता. बापाचं मन आहे, मोहात पडलं. आत वशाचं बटण आहे हे ठाऊक असतं तर त्यांनी तो कोणाला दिला नसता. पाठमोरे उभे होते ना ते. हे मी इतक्या वेळा घोकलं की ते मला खरं वाटायला लागलं, आणि त्याच्या आधाराने मी त्यांना निम्मीअधिक क्षमाही केली होती.

आई गेल्यावर माझी बदली मासवणला झाली. एका दुपारी शाळा सुटता सुटता एसटीतून सावे मास्तर उतरले. मी आधी ओळखलंच नाही. खांदे आणखी वाकले होते, कोटाचा रंग गेला होता. काखेत फडक्यात बांधलेली वस्तू. माझ्यासमोर येऊन उभे राहिले, म्हणाले, "आई गेल्याचं उशिरा समजलं."

मी बसा म्हटलं नाही. पण माणूस इतक्या लांबून आला आहे, गप्प राहवलं नाही. "अरविंद काय करतो?"

"काम संपलं, ठेकेदार गेला. अरविंद वाडीतच हाय आता. चिकू बघतो." आणि फडक्यातली वस्तू त्यांनी ओट्यावर ठेवली. "हा तुमच्यासाठी. एकट्यानं केला. आता हात कापतात, वेळ लागला."

"आता कशाला, मास्तर?"

त्यांनी खिशात हात घातला, पण या वेळी हात रिकामाच बाहेर आला. तीच एसटी वळून परत जाणार होती. ते जाऊन तिच्यात बसले, माझ्या बाजूच्या खिडकीशी.

मी फडकं सोडलं. टँक होता. तोच, वशाच्या मापाचा. राख कालवलेला हिरवा रंग, बोरूची नळी, दोन्ही बाजूंना दोन बादल्या. हातात घेतला तर चांगला जड. मी उलटा करून पाहिलं. ज्यांनी जन्मभर पोरांना खाली नाव लिहायला लावलं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. जागा कोरीच होती. सरळ केला तर पुढच्या झाकणाला टाचणीची बिजागरी दिसली. हे झाकण उघडत होतं. मी नखाने ते वर केलं.

आत पुठ्ठ्याची खुर्ची होती. खुर्चीवर बटण होतं. नवंकोरं, पांढरं, चार भोकांचं. मापात न बसणारं.

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. खिडकीशी पाठमोरे उभे राहून ब्रश धूत असताना समोरच्या काचेत पाहिलं होतं. त्या साहेबाच्या हातात टँक देताना त्यांना ठाऊक होतं. मला चहाचं बघायला पाठवलं तेव्हाही ठाऊक होतं.

मी वर पाहिलं. एसटी सुरू झाली होती, अजून हलली नव्हती. मास्तर खिडकीतून माझ्याकडेच बघत होते. माझ्या बोटाखाली झाकण उघडं आहे हे त्यांनी पाहिलं, आणि मग तोंड दुसरीकडे फिरवलं.